अर्थप्रश्न : ठेवपावतीवरचे शब्द आणि हप्त्यामागचा हिशेब

निपाणी, चिकोडी, अथणी, खानापूर आणि बेळगाव शहर या पट्ट्यातून या सदराकडे आलेली पत्रे एकत्र वाचली, तेव्हा बहुतेकांची अडचण एकच असल्याचे दिसले. पैसे कुठे गुंतवावेत यापेक्षा समोर ठेवलेल्या कागदावर नेमके काय लिहिले आहे, हेच अनेकांना विचारायचे आहे. आपल्या भागात व्यवहाराची बोलणी मराठीत होतात आणि अर्ज कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत भरला जातो. पुढे वाद उद्भवला की बोलण्यात काय ठरले होते याला कोणी विचारत नाही, कागदच पाहिला जातो. म्हणून या वेळी निवडक पत्रांना थोडी सविस्तर उत्तरे दिली आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार वगळली आहेत.

प्रश्न : मी निपाणीजवळच्या गावातील शेतकरी असून ऊस आणि तंबाखू ही माझी पिके आहेत. जमिनीच्या एका तुकड्याचे आठ लाख रुपये हाती आले आहेत. राष्ट्रीयीकृत बँक एक वर्षाच्या मुदत ठेवीवर सात टक्के देते आणि गावातील सौहार्द सहकारी पतसंस्था साडेदहा टक्के देते. संस्थेचे संचालक ओळखीचे आहेत आणि गावात सगळे तिला बँकच म्हणतात. ठेवीला विमा असतो असे ऐकले आहे. तो दोन्हीकडे सारखाच असतो का?

उत्तर : नाही, आणि आपल्या निर्णयाच्या दृष्टीने हाच फरक सर्वांत महत्त्वाचा आहे.

बँकेतील ठेवींचा विमा रिझर्व्ह बँकेच्या मालकीचे ठेव विमा आणि पत हमी महामंडळ उतरवते. त्याला डीआयसीजीसी म्हणतात. ४ फेब्रुवारी २०२० पासून या विम्याची मर्यादा प्रत्येक ठेवीदारामागे, प्रत्येक बँकेत, पाच लाख रुपये आहे. त्याआधी ती एक लाख होती. पाच लाखांत मुद्दल आणि व्याज दोन्ही धरले जातात, आणि एकाच बँकेच्या निपाणी, संकेश्वर व कोल्हापूर अशा तीन शाखांत आपल्या एकट्याच्या नावावर ठेवी असल्या तरी त्यांची बेरीज करूनच मर्यादा लावली जाते. पत्नीसोबतचे संयुक्त खाते मात्र वेगळे मोजले जाते. हे संरक्षण राष्ट्रीयीकृत, खासगी आणि नागरी सहकारी अशा सर्व प्रकारच्या बँकांना आहे. बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले तर विम्याची रक्कम ९० दिवसांच्या आत ठेवीदाराला मिळावी, अशी तरतूद २०२१ मध्ये कायद्यात करण्यात आली.

सहकारी पतसंस्थांना हा विमा लागू नाही. मग ती संस्था १९९७ च्या कर्नाटक सौहार्द सहकारी कायद्याखाली नोंदलेली असो किंवा एकाहून अधिक राज्यांत काम करणारी, २००२ च्या बहुराज्य सहकारी संस्था कायद्याखालची असो. रिझर्व्ह बँकेचा परवाना नसलेल्या अशा संस्थेला आपल्या नावात ‘बँक’ हा शब्द वापरता येत नाही. लोक बोलताना काय म्हणतात याने तिचे कायदेशीर स्वरूप बदलत नाही. उलट ‘सौहार्द’ हा शब्द नावात आहे म्हणून ती पतसंस्थाच असेल असेही समजू नये, कारण सौहार्द कायद्याखाली नोंदलेल्या आणि रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या सहकारी बँकाही आहेत. पाहायचे ते परवाना आहे की नाही एवढेच. विमासंरक्षित बँकांची यादी डीआयसीजीसीच्या संकेतस्थळावर आहे. तिच्यात नाव नसेल, तर ठेवपावतीमागे फक्त त्या संस्थेची स्वतःची ऐपत उभी आहे असे समजावे.

आता साडेतीन टक्क्यांच्या फरकाकडे पाहू. आठ लाखांवर वर्षाला अठ्ठावीस हजार रुपये अधिक मिळणार, ही रक्कम लहान नाही, आणि ज्याच्या घरी वर्षातून एकदोनदाच मोठा पैसा येतो त्याला तिचा मोह व्हावा हे मी पूर्णपणे समजू शकतो. परंतु हे अठ्ठावीस हजार म्हणजे आठही लाखांची जोखीम आपण स्वतःच्या शिरावर घेतल्याचा मोबदला आहे. संस्था आपल्याला साडेदहा टक्के देणार असेल, तर तिला ते पैसे तेरा-चौदा टक्क्यांनी किंवा त्याहून महाग कर्जाऊ द्यावे लागणार. इतके महाग कर्ज कोण घेतो आणि तो ते वेळेवर फेडतो का, यावर आपली ठेव अवलंबून राहते.

म्हणून संस्थेचा वार्षिक अहवाल मागून घ्यावा. सभासदाला तो मागण्याचा हक्क आहे. अहवालात ‘एनपीए’ म्हणजे अनुत्पादक कर्ज किती आहे ते पाहावे. ज्या कर्जाचे व्याज किंवा हप्ता ९० दिवसांहून अधिक काळ थकला, ते बँकांच्या नियमांनुसार अनुत्पादक ठरते. ‘ढोबळ एनपीए’ म्हणजे अशी सगळी कर्जे, आणि त्यांच्यासाठी नफ्यातून बाजूला काढलेली तरतूद वजा केल्यावर उरते ते ‘निव्वळ एनपीए’. वार्षिक सभेत केवळ निव्वळ आकडा वाचून दाखवला जात असेल, तर ढोबळ आकडा किती हे उभे राहून विचारावे. एकूण कर्जांपैकी किती कर्जे मोजक्या पाच-दहा खात्यांत अडकली आहेत, संचालकांच्या नातेवाइकांना किती दिली आहेत, आणि लेखापरीक्षकाने काय शेरे मारले आहेत, हेही तेथेच समजते. आपल्याला ‘नाममात्र सभासद’ करून ठेव घेतली जात असेल तर अधिक सावध राहावे, कारण नाममात्र सभासदांकडून ठेवी घेणाऱ्या सहकारी संस्थांबाबत रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०२१ मध्ये जाहीर इशारा दिला होता.

सीमाभागात गरजेच्या वेळी चार दिवसांत कर्ज देणाऱ्या चांगल्या पतसंस्था आहेत, आणि त्यांनी सावकाराच्या दारातून अनेक कुटुंबांची सुटका केली आहे. त्यांच्याबद्दल मला आदर आहे. तरीही जमीन विकून आलेला पैसा पुन्हा उभा करता येत नसतो. आपल्या जागी मी असतो, तर पाच-पाच लाखांची मर्यादा पाळून तो दोन बँकांत विभागला असता आणि संस्थेत बुडाले तरी घर चालेल एवढीच रक्कम ठेवली असती.

प्रश्न : मी उद्यमबागमधील एका फाउंड्रीत कामाला आहे. मोटारसायकलसाठी एक लाखाचे कर्ज हवे आहे. शोरूममध्ये बसलेला वित्त कंपनीचा माणूस नऊ टक्के फ्लॅट दर सांगतो, तर माझा पगार ज्या बँकेत जमा होतो ती चौदा टक्के सांगते. मुदत दोन्हीकडे तीन वर्षे. नऊ टक्के उघडच स्वस्त असताना माझा मेहुणा बँकेकडेच जा म्हणतो. त्याचे म्हणणे बरोबर आहे का?

उत्तर : आपल्या मेहुण्यांचे म्हणणे बरोबर आहे, आणि हिशेब करून पाहिल्यास आपल्यालाही ते पटेल.

फ्लॅट दरात व्याज पहिल्या दिवसाच्या पूर्ण मुद्दलावर संपूर्ण मुदतीसाठी आकारले जाते. एक लाखावर नऊ टक्क्यांनी वर्षाला नऊ हजार, म्हणजे तीन वर्षांचे सत्तावीस हजार. एक लाख सत्तावीस हजारांना ३६ ने भागले की हप्ता येतो सुमारे ३,५२८ रुपये. यात गोम अशी की दर महिन्याच्या हप्त्यातून आपण मुद्दल फेडत असता. दीड वर्षानंतर जवळजवळ अर्धे मुद्दल परत गेलेले असते, तरी व्याज मात्र पूर्ण लाखावरच चालू राहते.

बँकेचा चौदा टक्के हा घटत्या शिलकेवरचा दर आहे. दर महिन्याला जेवढे मुद्दल शिल्लक असेल तेवढ्यावरच व्याज लागते. त्या हिशेबाने हप्ता येतो सुमारे ३,४१८ रुपये आणि तीन वर्षांचे एकूण व्याज सुमारे तेवीस हजार. म्हणजे ‘चौदा टक्के’ वाले कर्ज ‘नऊ टक्के’ वाल्यापेक्षा चार हजारांच्या आसपास स्वस्त पडते. फ्लॅट नऊ टक्क्यांचे घटत्या शिलकेवरचे रूपांतर सव्वासोळा टक्क्यांच्या आसपास होते. त्यातच वित्त कंपनीने प्रक्रिया शुल्क आणि कागदपत्रांचा खर्च म्हणून आरंभीच तीन हजार कापले, तर आपल्या हाती सत्त्याण्णव हजारच येतात आणि हप्ता तोच राहतो. मग खरा दर अठरा टक्क्यांच्याही वर जातो.

शुल्कासह काढलेल्या या खऱ्या दराला वार्षिक टक्केवारी दर, अर्थात एपीआर, म्हणतात. दोन कर्जांची तुलना करताना हाच आकडा समोरासमोर ठेवावा. तो विचारण्यासाठी कोणाची मनधरणी करण्याची गरज नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्त कंपन्यांनी प्रत्येक किरकोळ कर्जदाराला करारापूर्वी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ नावाचे ठळक बाबींचे पत्रक देणे बंधनकारक आहे. त्यात एपीआर, सर्व शुल्के आणि हप्त्यांचे वेळापत्रक असावे लागते. पत्रकात न दाखवलेले शुल्क नंतर आपल्या स्पष्ट संमतीवाचून आकारता येत नाही. मुदतीच्या कर्जासाठी हे पत्रक किमान तीन कामकाजाचे दिवस वैध असते, त्यामुळे ‘आजच सही करा, उद्या दर बदलेल’ या घाईला बळी पडण्याचे कारण नाही.

आणि आपल्या भागासाठी मला विशेष मोलाची वाटणारी तरतूद अशी की हे पत्रक कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असले पाहिजे, त्यातील मजकूर त्याला समजावून सांगितला पाहिजे आणि तो समजल्याची पोच घेतली पाहिजे, असे रिझर्व्ह बँकेचे निर्देश आहेत. कन्नड किंवा इंग्रजी वाचता येत नसेल तर पत्रक मराठीत मागण्यात संकोच बाळगू नये. मागणी लेखी द्यावी आणि तिच्या प्रतीवर शिक्का घ्यावा.

प्रश्न : माझे संकेश्वरला किराणा दुकान आहे. रोज शंभर रुपये पिग्मीत भरतो. गेल्या महिन्यात मुलाच्या प्रवेशासाठी खाते मध्येच बंद केले, तर व्याज मिळाले नाहीच, वर मुद्दलातूनही कपात झाली. हे नियमाला धरून आहे का?

उत्तर : बहुधा आहे, परंतु पासबुकामागे छापलेल्या अटी पाहून खात्री करावी. पिग्मी ही रोजच्या छोट्या बचतीची योजना आपल्या कर्नाटकातलीच देणगी. उडुपीच्या सिंडिकेट बँकेने १९२८ मध्ये दारोदार जाऊन दोन-दोन आणे गोळा करण्यासाठी ती सुरू केली आणि पुढे पतसंस्थांनी ती गावोगाव नेली. रोज घरी किंवा दुकानात येणाऱ्या एजंटाचे कमिशन संस्थेला द्यावे लागते. ग्राहकाने ठरावीक मुदत पाळली तर संस्था ते स्वतः सोसते, मुदतीपूर्वी खाते बंद केल्यास ग्राहकाच्या रकमेतून वसूल करते. म्हणून पिग्मीकडे बचतीची सवय म्हणून पाहावे आणि व्याजाची फार अपेक्षा ठेवू नये. खाते उघडताना दोन गोष्टी विचाराव्यात, किती महिन्यांनंतर कपात थांबते आणि पिग्मीच्या तारणावर कर्ज मिळते का. मुलाच्या प्रवेशासाठी महिनाभराची गरज असेल, तर खाते मोडण्यापेक्षा असे कर्ज पुष्कळदा स्वस्त पडते. एजंटाने दिलेली पावती आणि पासबुकातील नोंद महिन्यातून एकदा तरी ताडून पाहावी.

प्रश्न : अथणीहून लिहीत आहे. विमा एजंटाने सांगितले की वर्षाला पन्नास हजारांप्रमाणे वीस वर्षांत दहा लाख भरायचे आणि अठरा लाख मिळवायचे, म्हणजे ऐंशी टक्के नफा. शिवाय त्यात दर हजारी चाळीस रुपये बोनस आहे. हा परतावा चांगला म्हणावा का?

उत्तर : ‘ऐंशी टक्के’ हा एकूण परतावा आहे आणि तो किती वर्षांत मिळतो हे बाजूला ठेवले तर त्याला काही अर्थ राहत नाही. गुंतवणुकीची तुलना नेहमी वार्षिक चक्रवाढ दराने करावी.

दामदुप्पट हा आपल्याकडचा जुना हिशेब येथे उपयोगी पडतो. बहात्तरला वर्षांच्या संख्येने भागले की साधारण वार्षिक दर मिळतो. दहा वर्षांत दुप्पट म्हणजे वर्षाला सुमारे ७.२ टक्के चक्रवाढ, सहा वर्षांत दुप्पट म्हणजे सुमारे बारा टक्के. ‘दहा वर्षांत शंभर टक्के, म्हणजे वर्षाला दहा टक्के’ अशी मांडणी कोणी केली, तर त्याने चक्रवाढीचा हिशेब सरळ व्याजाने केला आहे असे समजावे.

आपल्या पॉलिसीत पैसे एकरकमी जात नसून दरवर्षी थोडे थोडे जातात, त्यामुळे बहात्तरचा ठोकताळा तेथे थेट लागू होत नाही. पहिला हप्ता वीस वर्षे राहतो आणि शेवटचा केवळ एक वर्ष. प्रत्येक हप्त्याचा असा स्वतंत्र काळ धरून काढलेला दर आपल्या आकड्यांनुसार सव्वापाच टक्क्यांच्या आसपास येतो. बँकेच्या साध्या मुदत ठेवीशी तो ताडून पाहावा.

बोनसविषयीही बराच गैरसमज आढळतो. ‘हजारी चाळीस’ म्हणजे विमा रकमेच्या दर हजारामागे चाळीस रुपये. दहा लाखांच्या विम्यावर वर्षाला चाळीस हजार, वीस वर्षांचे आठ लाख. बहुतेक पारंपरिक पॉलिसींत हा बोनस दरवर्षी जाहीर होतो, खात्यावर नोंदला जातो आणि मुदतीअखेर मिळतो. मधल्या काळात त्या जमलेल्या बोनसवर व्याज मिळत नाही. पुढच्या वर्षांचा दर काय राहील याची हमीही नसते. एजंटाने दिलेल्या तक्त्यात ‘हमी’ आणि ‘हमी नसलेले’ असे दोन रकाने असतात, ते वेगवेगळे वाचावेत.

विम्याचे मूळ काम कमावत्या माणसाच्या मागे कुटुंबाला आधार देणे हे आहे. त्यासाठी केवळ मृत्यूनंतरच रक्कम देणारा मुदत विमा, ज्याला टर्म इन्शुरन्स म्हणतात, पुष्कळ कमी हप्त्यात मोठे संरक्षण देतो. पॉलिसी घेतलीच असेल आणि अटी पटल्या नसतील, तर ती हाती आल्यापासून ३० दिवसांच्या ‘फ्री लूक’ काळात परत करता येते. किरकोळ कपात होऊन हप्ता परत मिळतो. तो काळ उलटल्यावर हाती येते ते ‘सरेंडर मूल्य’, आणि आरंभीच्या वर्षांत ते भरलेल्या रकमेपेक्षा कमी असते.

प्रश्न : मी खानापूर तालुक्यात शिक्षिका आहे. दरमहा पाच हजारांची एसआयपी सुरू करायची आहे. सल्लागार म्हणतात की नवा फंड दहा रुपयांना मिळतो आहे, जुन्याचा भाव दोनशे झाला आहे, तेव्हा नवा घ्या. ‘डायरेक्ट’ आणि ‘रेग्युलर’ म्हणजे काय हेही त्यांनी सांगितले नाही.

उत्तर : ताई, पहिली गोष्ट म्हणजे एसआयपी ही म्युच्युअल फंडात गुंतवणूक करण्याची पद्धत आहे. ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम खात्यातून जाते, एवढाच तिचा अर्थ. पैसे कोणत्या योजनेत जातात हे त्याहून महत्त्वाचे आहे, आणि त्या योजनेचे पूर्ण नाव आपल्याला माहीत असलेच पाहिजे. योजनेच्या माहितीपत्रकावर ‘रिस्कोमीटर’ हे जोखमीचे अर्धवर्तुळ असते. त्यात ‘कमी’ पासून ‘अतिशय जास्त’ पर्यंत सहा पायऱ्या आहेत. शेअरमध्ये पैसे गुंतवणाऱ्या योजना बहुतांशी सर्वांत वरच्या पायरीवर असतात.

ज्याला सल्लागार भाव म्हणतात ते एनएव्ही, म्हणजे प्रति युनिट निव्वळ मालमत्ता मूल्य. फंडाकडील सर्व गुंतवणुकींची त्या दिवसाची बाजारकिंमत घ्यायची, देणी वजा करायची आणि युनिटांच्या संख्येने भागायचे, की हा आकडा मिळतो. तो कमी म्हणून फंड स्वस्त होत नाही. दहा हजार रुपयांत दहाच्या दराने एक हजार युनिट मिळतील आणि दोनशेच्या दराने पन्नास. दोन्ही फंडांतील शेअर बारा टक्क्यांनी वाढले, तर पहिली एनएव्ही ११.२० होईल आणि दुसरी २२४. दोन्हीकडे आपली रक्कम ११,२०० रुपयेच. उलट जुन्या फंडाची पडत्या बाजारातली कामगिरी तपासता येते, नव्या फंडाला अद्याप कामगिरीच नसते.

आता दुसरा प्रश्न. फंड चालवण्याचा खर्च योजनेच्या पैशांतूनच रोज थोडाथोडा वजा होतो, त्याला खर्चाचे प्रमाण म्हणतात. वेगळी पावती येत नसल्याने तो जाणवत नाही. ‘रेग्युलर’ प्रकारात या खर्चात वितरकाचे, म्हणजे आपल्या सल्लागारासारख्या मध्यस्थाचे, कमिशन समाविष्ट असते. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक योजनेचा ‘डायरेक्ट’ प्रकारही उपलब्ध आहे, त्यात ते कमिशन नसते. शेअर त्याच कंपन्यांचे, व्यवस्थापक तोच, फक्त खर्च कमी. एक टक्क्याच्या फरकाने काय होते ते पाहा. दरमहा पाच हजार वीस वर्षे भरले आणि वार्षिक बारा टक्के दर धरला, तर सुमारे साडेएकोणपन्नास लाख होतात. अकरा टक्के धरला, तर सव्वात्रेचाळीस लाख. सव्वासहा लाखांच्या आसपासचा हा फरक आहे. बारा टक्के हा आकडा मी केवळ हिशेबासाठी धरला आहे. इतका परतावा मिळेलच असे कोणी सांगू लागले, तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये.

याचा अर्थ वितरक नकोच, असे मी म्हणणार नाही. बाजार कोसळला असता घाबरून पैसे काढू पाहणाऱ्याला थोपवणारा जाणता माणूस त्याच्या कमिशनइतका उपयोगी पडतो. मात्र आपल्या वितरकाने दोन प्रकारांतील फरक सांगण्याचेच टाळले, आणि हे लक्षण चांगले नाही.

एसआयपी मध्येच थांबवली तर फंड दंड करत नाही. हप्त्याच्या तारखेला खात्यात शिल्लक नसेल, तर बँक मात्र व्यवहार परतल्याचे शुल्क लावते. पगार उशिरा होणाऱ्या शाळांतील शिक्षकांनी तारीख महिन्याच्या उत्तरार्धातली निवडावी.

प्रश्न : वडगावात आमचे दोन माग आहेत. पतसंस्थेचे माझे पाच हजारांचे शेअर असून त्यावर लाभांश मिळतो. मुलगा म्हणतो, कंपन्यांचे शेअर घ्या, तेही असेच असतात. तसे आहे का?

उत्तर : शब्द एकच असला तरी वस्तू वेगळ्या आहेत. संस्थेचा भाग, म्हणजे तिचा शेअर, दर्शनी किमतीला मिळतो आणि सभासदत्व सोडताना साधारणतः त्याच किमतीला परत होतो. संस्था कितीही मोठी झाली तरी शंभराचा भाग शंभराचाच राहतो. भाग कितीही असले तरी मत एकच. कंपनीच्या शेअरची दर्शनी किंमत दहा किंवा एक रुपया असली तरी बाजारात तो हजारोंनी विकला जाऊ शकतो आणि कवडीमोलही होऊ शकतो, आणि तेथे जितके शेअर तितकी मते. दोन्हींत लाभांश नफ्यातून येतो, त्यामुळे दोन्हींत त्याची हमी नाही. संस्थेतील भागाला ठेव समजण्याची चूक मात्र करू नये. संस्था अडचणीत आली तर आधी देणी भागवली जातात, भागधारकाचा क्रमांक शेवटचा. कर्ज देताना संस्था ठरावीक टक्के रकमेचे भाग घ्यायला लावते, तीही आपल्याच कर्जाची रक्कम असते आणि तिच्यावर आपण व्याज भरत असतो.

प्रश्न : वडिलांनी चिकोडीच्या बँकेतील ठेवींवर धाकट्या भावाला नॉमिनी केले होते. वडील वारले. आम्ही दोघी बहिणी गडहिंग्लज आणि चंदगडला दिलेल्या आहोत. भाऊ म्हणतो, नॉमिनी मीच, म्हणून पैसे माझेच. खरे काय?

उत्तर : बँक पैसे आपल्या भावाच्या हाती देईल आणि तसे देण्यात तिची चूक नाही. परंतु नॉमिनी हा रक्कम स्वीकारणारा विश्वस्त असतो. मालकी वारसाहक्काने ठरते. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे मुलगी आणि मुलगा यांचा वाटा समान आहे, आई हयात असल्यास तिचाही तेवढाच. मुलगी लग्न होऊन महाराष्ट्रात गेली म्हणून तो कमी होत नाही. भावाशी आधी घरात बसून बोलावे हे उत्तम. ते जमले नाही, तर रक्कम वाटली जाण्यापूर्वी वारस म्हणून आपला हक्क लेखी कळवावा आणि दिवाणी न्यायालयात जाण्याविषयी वकिलाचा सल्ला घ्यावा.

इतर वाचकांसाठी एवढेच की १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवींना चारपर्यंत नॉमिनी नेमता येतात आणि प्रत्येकाचा वाटाही नमूद करता येतो.

प्रश्न : मित्राच्या चार लाखांच्या कर्जाला मी तीन वर्षांपूर्वी जामीन राहिलो. ‘नुसती सही लागते’ असे सांगितले होते. आता मित्र हप्ते भरत नाही आणि नोटीस मला आली आहे. आधी त्याच्याकडून वसूल करा असे मी म्हणू शकतो का? (उचगाव परिसरातील वाचक)

उत्तर : म्हणू शकाल, परंतु कायद्याने तसा हक्क नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. धनको थेट आपल्यापासूनच वसुली सुरू करू शकतो. हे कर्ज आपल्या पत अहवालातही दिसू शकते आणि थकबाकीमुळे तीनशे ते नऊशेच्या मापावरचा आपला पतगुणांक, म्हणजे क्रेडिट स्कोअर, खाली येऊ शकतो. चारही पतमाहिती कंपन्यांकडून वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल विनामूल्य मिळतो, तो आधी मागवून घ्यावा.

नोटिशीला उत्तर न देता बसू नये. जामीनपत्राची प्रत आणि खात्याचा संपूर्ण उतारा लेखी मागावा. मध्यंतरी मित्राने आपल्याला न विचारता कर्जाची रक्कम वाढवून घेतली असेल किंवा अटी बदलल्या असतील, तर कलम १३३ नुसार त्या बदलानंतरच्या व्यवहारांतून आपली सुटका होऊ शकते. मात्र अनेक जामीनपत्रांत हा हक्क सोडून दिल्याचे छापलेले असते, म्हणून प्रत वकिलाला दाखवावी. मित्राचे काही तारण असल्यास त्याची माहिती घ्यावी, कारण पूर्ण कर्ज आपण फेडले तर ते तारण आणि वसुलीचे सर्व हक्क कलम १४० नुसार आपल्याकडे येतात, आणि भरलेली रक्कम मित्राकडून मागण्याचा हक्क कलम १४५ देते. म्हणून एक रुपया जरी भरला तरी तो रोख न देता स्वतःच्या खात्यातून धनादेशाने भरावा, आणि पावतीवर ‘जामीनदार या नात्याने’ असे लिहून घ्यावे. पुढे मित्रावर दावा करण्याची वेळ आली, तर न्यायालयात हीच पावती दाखवावी लागेल.